परक्या गावची हमाली

कात्रीला हे नाव रेडिओ केंद्रात मिळालं, आणि ते तिनं कमावलेलं होतं. श्रुतिका लिहून आणणारा कितीही नावाजलेला लेखक असो, त्याची पानं बाईंच्या टेबलावर आली की निम्मी होऊनच स्टुडिओत जायची. "पात्र आत येतं, बसतं, पाणी पितं, मग बोलतं. का? तहान लागलीय त्याला? नाही ना? मग उभ्यानंच बोलू दे." एवढं म्हणून ती लाल पेन चालवायची. लेखक समोर 'बाई, बाई' करायचे आणि जिना उतरताना 'कात्री' म्हणून दातओठ खायचे. तिच्या कानावर आलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "धार आहे असं तरी म्हणतात ना?"

पुढे वरच्या लोकांना शोध लागला की ऐकणाऱ्यांना नाटकं नकोत, दोन गाण्यांच्या मधली बडबड पुरते. श्रुतिका विभाग बंद झाला. तिच्या खोलीत मोडक्या खुर्च्यांची रास लागली आणि पन्नाशी उलटलेली कात्री घरी येऊन बसली.

घरी आधीच एक जण बसलेला होता. तिचा नवरा वजनमापं खात्यात निरीक्षक होता. हयातभर त्यानं शहरातल्या दुकानदारांचे तराजू तपासले, खोट्या वजनांवर जप्ती आणली. तो दिसला की गल्ल्यावरची भली भली माणसं उठून उभी राहायची. निवृत्त झाल्यावर त्याला पाहून घरातलं मांजरसुद्धा उठेना. सुरुवातीला त्यानं दुधाच्या पिशव्या मोजल्या, पावाचे तुकडे मोजले, एकदा तर शेजारणीनं दिलेली साखर परत करताना वजनाची चिठ्ठी लावून पाठवली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तशातली गत. मग शेजारीणही यायची बंद झाली आणि तो खिडकीपाशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायला लागला. पाण्याचा पेला हातातून खाली ठेवायला जागा नसली तर तो तसाच हातात धरून बसायचा, पण उठायचा नाही.

या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. होती ती कात्रीच्या बहिणीची मुलगी. लहानपणी अर्धा वेळ मावशीच्याच घरी वाढलेली, आणि आता व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला लागलेली. पडद्यावरच्या माणसांना चालायला, पळायला, वाकायला लावायचं हे तिचं काम. एके दिवशी ती म्हणाली, "मावशी, आमच्याकडे संवाद लिहिणारं माणूस हवंय. जे लिहितायत त्यांचं वाचवत नाही. येतेस का?"

"मला खेळातलं ओ की ठो कळत नाही."

"संवादातलं कळतं ना? तेवढं तिथं कुणालाच कळत नाही."

कात्री गेली. एका जुन्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर लांबलचक खोली होती. भर दुपारी पडदे ओढलेले. चाकांच्या खुर्च्या, वायरींची गुंतवळ, उष्ट्या कपांचे मनोरे, आणि प्रत्येक जण कान झाकून आपापल्या पडद्याला नाक लावून बसलेला. या सगळ्यांचा म्होरक्या तिशीतला, कोरीव दाढीचा एक गडी होता. त्यानं या खेळाचं अख्खं जग आखलं होतं. कात्रीनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव नकाशेवाला ठेवलं, आणि आठवड्याभरात सगळं ऑफिस तेच म्हणायला लागलं.

नकाशेवाल्यानं तिला भिंतीएवढा पडदा दाखवला. डोंगर, दऱ्या, नद्या, जंगलं, मध्येमध्ये गावांचे ठिपके. "मॅडम, घोड्यावरून या टोकाहून त्या टोकाला जायला अख्खी दुपार लागते! एवढा मोठा नकाशा आजवर कुणी केलेला नाही."

"आणि वाटेत काय आहे?"

"तेच तर तुम्ही लिहायचंय."

म्हणजे आधी वाडगं घेतलं होतं आणि मग त्यात घालायला काय मिळतं ते शोधायला लोक नेमले होते. कात्रीनं मनात म्हटलं, बडा घर पोकळ वासा.

खेळाचा नायक एक घोडेस्वार होता. दुष्ट राजाला मारून त्यानं जग वाचवायचं होतं. पण वाटेत त्याला माणसं भेटणार, ती त्याला कामं सांगणार. या कामाला तिथं क्वेस्ट म्हणत. नमुना म्हणून तिला एक वाचायला दिलं. लोहार म्हणतो, मला टेकडीमागचे लोखंडी दगड आणून दे. घोडेस्वार जातो, दगड वेचतो, आणून देतो. लोहार म्हणतो, शाब्बास.

"ही टेकडी लोहाराच्या दारातून दिसते," कात्री म्हणाली.

"हो, दिसते ना."

"मग हा स्वतः का जात नाही? याला पाय नाहीत?"

"आहेत की," पलीकडून भाची म्हणाली. "मीच केलेत."

खोलीतली दोन-चार डोकी पडद्यावरून वर उठली. नकाशेवाला मात्र हसला नाही. "मॅडम, खेळाडूला काहीतरी करायला हवं असतं. कुणी औषधी पाला मागतं, कुणाची कोंबडी हरवते, कुणाला पत्र पोचवायचं असतं..."

"जग बुडायला आलंय आणि हा बाबा कोंबडी शोधतोय. याला क्वेस्ट म्हणू नका, हमाली म्हणा. आणि हमालाला निदान मजुरी मिळते."

"मिळते ना! अनुभवाचे गुण मिळतात."

"कसला अनुभव?"

नकाशेवाल्यानं जरा विचार केला. "दगड आणण्याचा."

एवढं होऊनही कात्रीनं काम घेतलं. घरी खिडकीशी एक माणूस बसलेला पुरे होता, दुसऱ्यानं शेजारी खुर्ची टाकायची तिची तयारी नव्हती. ती लिहायला लागली. हमाल्यांची रांग संपता संपत नव्हती. पाला आणा, कातडी आणा, अळंबी आणा, दोरखंड आणा. ती तोंड वाकडं करून लिहायची, जसं एखादी चांगली स्वयंपाकीण दुसऱ्याच्या हुकमावरून बेचव जेवण रांधते. आणि प्रत्येक हमालीच्या शेवटी आभाराचं एक वाक्य लागायचंच. पाणचक्कीवर राहणाऱ्या एका म्हातारीचं वाक्य तिनं चहा निवत असताना, घड्याळाकडे बघत खरडलं होतं. घोडेस्वार पाला घेऊन आला की म्हातारी म्हणायची, "आलास? बरं झालं बाबा. मी तुझीच वाट बघत होते." रेडिओवर कुणी असलं वाक्य आणलं असतं तर तिनं ते पहिल्या फटक्यात कापलं असतं. इथं ते तसंच गेलं.

अर्धा-कच्चा खेळ तयार झाल्यावर कंपनीला तो साध्या, कधी न खेळणाऱ्या माणसांकडून खेळून घ्यायचा होता. भाचीनं एक यंत्र मावशीच्या घरी आणून टीव्हीला जोडलं. "काका, जरा बघा ना खेळून. काय अडतं तेवढं सांगा."

"हे पोरांचे धंदे," काका म्हणाले, आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले.

कात्रीला वाटलं, तिथंच संपलं. काही दिवसांनी ती संध्याकाळी घरी आली तर खिडकीपाशी खुर्ची नव्हती. ती टीव्हीसमोर होती, आणि तीत नवरा ताठ बसला होता. चष्मा नाकावर, जिभेचं टोक दातांत, दोन्ही हातांत खेळण्याचं यंत्र, जणू बिघडलेला तराजू धरला आहे.

"अहो, काय करताय?"

"थांब गं. पाला नेतोय."

"कुणाला?"

"चक्कीवरच्या आजीला. गुडघे धरलेत बिचारीचे."

"माझेही धरलेत. जरा फ्रीजमधून पाण्याची बाटली आणा."

"आणतो, आणतो. एवढा पाला पोचवून येतो."

बाटली काही आली नाही. पाला मात्र पोचला. घोडेस्वार डोंगर उतरला, ओढा ओलांडला, वाटेत एका लांडग्याशी झुंजला, आणि रक्तबंबाळ होऊन म्हातारीच्या दारात पाल्याची जुडी ठेवता झाला. कात्री स्वतः उठून फ्रीजपाशी गेली. लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे तिनं पुष्कळ पाहिले होते, पण ज्या लष्कराला पोटच नाही त्याच्यासाठी चूल पेटवणारा हा पहिलाच.

दुसऱ्या दिवशी तिनं ऑफिसात हे नकला करून सांगितलं. सगळे खोखो हसले. नकाशेवाल्याचे डोळे मात्र चमकले. "बघा मॅडम! आवडतं लोकांना. तुम्ही उगाच नाकं मुरडता."

"माझ्या नवऱ्याला खात्याची परिपत्रकंसुद्धा आवडायची. त्याच्यावरून जगाचं माप काढू नकोस."

पण तिच्या डोक्यातून ते जाईना. नवरा रोज खेळत होता, आणि एकच गोष्ट खेळत होता. बाकीच्या नकाशाकडे, राजवाड्याकडे, लढायांकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. त्याच एका दरीत फिरायचा, पाला गोळा करायचा, चक्कीवर नेऊन द्यायचा. म्हातारीची मागणी पुरी झाली तरी पुन्हा नेऊन द्यायचा. शेवटी एका सकाळी चहा पिताना कात्रीनं विचारलंच, "यात मजा काय आहे? खरं सांगा."

त्यानं कप खाली ठेवला. "मजा अशी नाही गं. कुठं जायचं ते ठाऊक असतं. काय आणायचं ते ठाऊक असतं. आणलं की काम झालं. आणि मग ती म्हणते..."

"काय म्हणते?"

तो जरा ओशाळला. "वाट बघत होते म्हणते."

"अहो, ते मी लिहिलंय!"

"मला माहितेय. तू लिहिलंयस. पण म्हणते तीच ना."

कात्रीला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती चिडली. शिकला-सवरलेला माणूस. तीस-पस्तीस वर्षं दुकानदारांची लबाडी नुसत्या डोळ्यांनी ओळखणारा. आणि त्याला तिनं आंबट तोंडानं खरडलेल्या एका ओळीनं गुंडाळलं होतं! मूर्खपणाला काही मर्यादा? त्या तिरमिरीतच ऑफिसात जाऊन तिनं म्हातारीचं वाक्य बदललं. नव्या आवृत्तीत म्हातारी फक्त म्हणणार होती, "ठेव तिकडे."

आवृत्ती घरच्या यंत्रावर आली त्या संध्याकाळी ती मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. बघू तर, फुगा कसा फुटतो ते. घोडेस्वार आला. जुडी ठेवली. "ठेव तिकडे," म्हातारी म्हणाली. नवरा थांबला. घोडेस्वारही अंगणात थांबला. मग तो मुकाट्यानं मागे वळला, ओढ्यापर्यंत गेला, आणखी एक जुडी घेऊन आला. "ठेव तिकडे."

नवऱ्यानं मान वळवून बायकोकडे पाहिलं. "अगं, हिचं आज काहीतरी बिनसलंय."

"बिनसायला ती काय माणूस आहे? बाहुली आहे!"

"तब्येत बरी नसेल. रोज असं नाही बोलत." मग त्याला वेगळाच संशय आला. "तुम्ही लोकांनी काही केलंत का तिला?"

"आम्ही कशाला काय करू," म्हणत कात्री ओट्याशी वळली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली. सकाळी तिनं जुनं वाक्य परत घातलं. कुणाला बोलली नाही. म्हातारीची तब्येत एका रात्रीत सुधारली याचा नवऱ्याला झालेला आनंद पाहून तिला जास्तच राग आला. त्याचा की आपला, ते तिनं ठरवलं नाही.

इकडे ऑफिसात धांदल उडाली होती. खेळ बाजारात यायची तारीख जवळ आली, आणि नकाशेवाल्याच्या अवाढव्य नकाशात गावंच्या गावं मुकी पडली होती. माणसं उभी होती, पाय होते, तोंडं होती, पण तोंडात शब्द नव्हते. लिहायला वेळ नव्हता आणि आवाज देणाऱ्या कलाकारांना पैसे द्यायला वरून मंजुरी नव्हती. नकाशेवाल्यानं तोड काढली. खेळून पाहणाऱ्या लोकांनी ज्या वाक्याचं कौतुक केलं होतं ते वाक्य त्यानं उचललं, पुरुषी आवाजात एकदा, बायकी आवाजात एकदा म्हणवून घेतलं, आणि मुक्या तोंडांमध्ये कोंबून टाकलं. कात्रीला विचारायची त्याला गरज वाटली नाही. रोपं लावायला मजूर मिळाले नाहीत म्हणून एकच झाड रबरी शिक्क्यानं शेतभर उमटवावं, तसला प्रकार.

नेमकी हीच आवृत्ती घरी आली, आणि नेमका त्याच दिवशी नवऱ्याला दरीबाहेर पडायची बुद्धी झाली. म्हातारीनं पाल्याबरोबर मीठही मागितलं होतं, आणि मीठ घाटापलीकडे नदीकाठच्या गावात मिळत होतं. तो पहिल्यांदाच डोंगर ओलांडून गेला.

कात्री घरी आली तेव्हा टीव्ही चालू होता. घोडेस्वार परक्या गावाच्या चौकात नुसता उभा होता. यंत्र टेबलावर पडलं होतं, आणि नवरा चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसत बसला होता. पुसून झालेल्या काचा पुन्हा पुसत होता.

"काय झालं? अडलं का काही?"

"इथला नावाडी म्हणतो, आलास? बरं झालं बाबा, मी तुझीच वाट बघत होतो." त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी या गावात आधी आलोच नव्हतो. मला वाटलं, आजीनं निरोप धाडला असेल. पुढं गेलो तर लोहार तेच म्हणाला. पाणी भरणारी बाई तेच म्हणाली. मला पकडायला आलेला शिपाईसुद्धा आधी तेच म्हणाला, आणि मग त्यानं तलवार काढली."

कात्रीनं खांद्यावरची पिशवी काढून टेबलावर ठेवली.

"खोटं माप आहे हे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, खात्यात असताना पंचनामा सांगायचा तसा सांगत होता. "एक वजन बरोबर निघालं, म्हणून त्याचाच शिक्का उचलून सगळ्या दगडधोंड्यांवर मारलाय. मग ते पहिलं तरी खरं कशावरून?"

त्यानं टीव्ही बंद केला, वायर नीट गुंडाळली, आणि खुर्ची उचलून पुन्हा खिडकीपाशी नेऊन ठेवली. बायकोला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर तिला दोन शब्द उलट बोलता आले असते.

सकाळी कात्री ऑफिसात पोचली ती थेट नकाशेवाल्याच्या खुर्चीसमोर. "माझं वाक्य किती तोंडांत घातलंस?"

"अं... मॅडम, ती तात्पुरती सोय..."

"शिपाई तलवार उपसायच्या आधी वाट बघत होतो म्हणतो! अक्कल गहाण टाकलीस का?"

"मॅडम, खरं सांगू? लोक ऐकतच नाहीत. बटण दाबून पुढं जातात. त्यांना फक्त काम संपवायचं असतं."

"का जातात पुढं? ऐकण्यासारखं काही ठेवलं नाहीस म्हणून! दहा गावांत एकच उकडलेला बटाटा वाढतोस आणि वर म्हणतोस, लोक चव घेत नाहीत!"

खोलीतल्या सगळ्यांनी कानांवरची झाकणं काढली होती. नकाशेवाला लाल झाला. तोही काही मातीचा नव्हता. "आणि तुम्ही, मॅडम? तुम्ही तरी ते वाक्य मनापासून लिहिलं होतं का? तुम्ही तर या सगळ्याला हमाली म्हणता. पहिल्या दिवसापासून आम्हाला हसताय. मी नुसती नक्कल केली, मूळ माल तुमचाच आहे."

हे वर्मी लागलं. कात्रीनं खुर्ची ओढली आणि बसली. या मुलानं आजवर काढलेली ही पहिलीच अकलेची गोष्ट होती, आणि ती नेमकी तिच्या विरुद्ध होती.

"नाही लिहिलं मनापासून," ती शेवटी म्हणाली. "चहा निवत होता म्हणून घाईत लिहिलं. नशिबानं एका म्हातारीच्या तोंडात बसलं. आता माझं ऐक. अर्ध्याहून जास्त हमाल्या काढून टाक."

"नकाशा रिकामा दिसेल!"

"दिसू दे. डोंगर रिकामाच असतो. रिकाम्या डोंगरावर कुणाला कंटाळा येत नाही, डोंगरावर चढून वर अळंबी मोजायला लावलीस की येतो."

तेवढ्यात भाची उठून मावशीच्या मागे येऊन उभी राहिली. "मलाही कंटाळा आलाय, तीच ती माणसं चालवून. सगळी खाली वाकतात, काहीतरी उचलतात, सरळ होतात. आपल्या जगात कुणी दुसरं काही करतच नाही." आणखी दोघा-तिघांनी माना हलवल्या. वरच्यांपर्यंत बोंब जायला नको म्हणून नकाशेवाल्यानं हात टेकले.

मग कात्रीनं आपलं लाल पेन काढलं. ज्याला स्वतः जाता येतं त्याची हमाली रद्द, हा तिचा नियम. लोहार गेला, कोंबडीवाली गेली, अळंबीवाले झाडून सगळे गेले. शिपायाच्या तोंडातून ते वाक्य तर तिनं सगळ्यांत आधी खेचून काढलं. उरलेल्यांना तिनं नव्यानं लिहिलं. नदीकाठच्या नावाड्यावर ती सर्वांत जास्त राबली. नावाड्याचा धाकटा भाऊ समोरच्या काठावर राहतो, दोघांचं बोलणं बंद आहे. नावाडी घोडेस्वाराच्या हाती त्याच्याकडे विणलेलं जाळं धाडतो. भाऊ म्हणतो, त्याला सांग, मला नको त्याची भीक. जाळं परत येतं. नावाडी म्हणतो, त्याला सांग, ही भीक नाही, आईनं अर्धं विणून ठेवलेलं मी पुरं केलंय. आणि असंच. प्रत्येक खेपेला वस्तू तीच, पण तिच्याबरोबर पाठवलेलं बोलणं बदलत जायचं. कितीही खेपा घातल्या तरी भाऊ एकत्र येत नाहीत. खेळाडूनं काय करायचं ते तिनं खेळाडूवर सोडलं होतं.

नकाशेवाल्यानं वाचलं आणि म्हणाला, "पण मॅडम, हीसुद्धा हमालीच झाली की."

"आहेच. पण ही माणसांची आहे."

खेळ बाजारात आला. तो बघून कात्रीचं पित्त खवळलं. तिनं काढलेल्या हमाल्यांपैकी बऱ्याच मागच्या दारानं परत आल्या होत्या. वरच्या साहेबानं म्हणे जाहिरातीत 'शेकडो कामगिऱ्या' असा शब्द दिला होता. तिचा नावाडी होता, चक्कीवरची म्हातारी होती, आणि त्यांच्या भोवतीनं अळंब्यांचं तण पुन्हा माजलं होतं. जाणकारांनी लिहिलं, खेळ मोठा आहे आणि पोकळ आहे. खेळणाऱ्यांनी त्याहून झणझणीत लिहिलं. तरीही ते वेचत होते. शिव्या देत होते आणि शेवटच्या अळंबीपर्यंत वेचत होते, आणि सगळ्या वेचून झाल्या की फोटो काढून मिरवत होते. "नावं ठेवतात आणि ताट चाटून पुसून ठेवतात," कात्री म्हणाली. "असल्या गिऱ्हाइकाला कुणी चांगलं का वाढेल?"

पण अधूनमधून एखादा वेगळाही भेटायचा. कुणी एक जण लिहून गेला होता की त्यानं चौथ्या खेपेला नदीच्या मध्यावर नाव थांबवली आणि जाळं पाण्यात सोडून दिलं, आणि मग बराच वेळ कुठल्याच काठाला गेला नाही. कात्रीनं ते नवऱ्याला वाचून दाखवलं. तो खिडकीकडे तोंड करून ऐकत होता.

"बघा ना एकदा," ती म्हणाली. "आजीकडे नका जाऊ. नावाड्याकडे जा."

"तोही माझीच वाट बघत असेल."

"नाही. तो कुणाचीच वाट बघत नाही. तुम्ही गेलात की कपाळाला आठ्या घालतो."

हे मात्र त्याला पटलं. खुर्ची फिरली. त्यानं जाळं नेलं, आणलं, पुन्हा नेलं. कात्री शेजारी स्टुलावर बसून होती. तिसऱ्या खेपेला नावाडी पुन्हा म्हणाला, त्याला सांग. नवऱ्याचे कान लाल झाले. त्यानं यंत्र आदळलं आणि पडद्याला बोट दाखवून ओरडला, "अरे, नाव तुझी, भाऊ तुझा, तोंड तुझं! जा की स्वतः! मी काय पोस्टमन आहे?"

त्याचा इतका मोठा आवाज त्या घरात पूर्वी दुकानदारांवर चिडून आल्यावरच यायचा. मग तो तावातावानं दोन भावांची चूक-बरोबर मांडायला लागला. थोरल्याचाच दोष आहे. नाही, धाकटाही हेकट आहे. आईनं जाळं अर्धवट ठेवायलाच नको होतं. कात्री म्हणाली, थोरल्याचा काही दोष नाही. तो म्हणाला, तुला काय कळतं. ती म्हणाली, मी लिहिलंय! चहा दोनदा झाला तरी भांडण मिटलं नाही.

पुढच्या खेळासाठी कंपनीनं कात्रीला बोलावलं नाही. तिचं काम चांगलं असलं तरी त्याला फार वेळ लागतो, असं कळवलं. नकाशेवाल्याला बढती मिळाली. भाचीनंही नोकरी सोडली, आणि दोन मैत्रिणींबरोबर एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत स्वतःचा खेळ करायला घेतला. त्यांच्याकडे पैसा कमी होता, म्हणून जगही छोटं होतं. एकच गल्ली, आणि तीत सगळे एकमेकांना ओळखणारे. संवाद लिहायला मावशी, आणि खेळून बघायला काका. शिंप्याच्या यंत्राची खडखड दिवसभर भिंतीतून ऐकू यायची.

सध्या काकांचं गल्लीतल्या पाववालीशी वाजलंय. ती वजनात मारते असा त्यांचा दावा आहे. कात्री म्हणते, असं मी कुठंच लिहिलेलं नाही. ते म्हणतात, लिहायला कशाला हवं, तोंडावरून कळतं. या आठवड्यात तीनदा त्यांनी तिच्याकडून पाव घेऊन गल्लीच्या टोकाला असलेल्या वाण्याच्या काट्यापाशी मोजायला नेला. कुणी सांगितलं नव्हतं, आणि अनुभवाचे गुणही मिळत नव्हते. भाची डोकं धरून म्हणाली, "काका, पाव मोजता येईल असं आम्ही केलेलंच नाही. तो काटा नुसता शोभेचा आहे!"

"मग करा," काका म्हणाले. "शोभेचा काटा ठेवणं हा गुन्हा आहे."